कोरमअभावी तहकूब

बेलापूर विधानसभा मतदारसंघात नोव्हेंबर २०२४ मध्ये मंदा म्हात्रे निवडून आल्या त्या अवघ्या ३७७ मतांनी. समोर संदीप नाईक होते. सीवूड्स-नेरूळच्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त मतदार सहज सापडतील. दहा वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, म्हात्रे यांनी याच मतदारसंघात गणेश नाईकांना हरवले तेव्हाही अंतर दीड हजाराच्या आतच होते. ‘माझ्या एका मताने काय होणार’ असे म्हणायची सोय इथे उरलेली नाही. तरीही २०२४ मध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक मतदार केंद्राकडे फिरकले नाहीत. जोडून सुट्टी घेऊन लोकांनी गावाला पळू नये म्हणून निवडणूक आयोगाने मतदान मुद्दाम बुधवारी ठेवले होते. राज्यभरात हजाराहून अधिक केंद्रे थेट गृहसंकुलांत आणली होती. लिफ्टने खाली उतरायचे आणि बोटाला शाई लावून वर जायचे, इतके सोपे करून ठेवले होते.

मग नेहमीप्रमाणे शहरी मतदाराच्या उदासीनतेवर चार दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. पण उदासीनतेचे हे निदान नवी मुंबईला लावायचे तर २४ जून २०२१ या तारखेचे काय करायचे, हा प्रश्न उरतो.

त्या दिवशी करोनाची दुसरी लाट पुरती ओसरलेली नव्हती, पावसाळा सुरू झालेला होता आणि सीबीडी बेलापूरच्या सिडको भवनाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून गेले होते. उरण, पनवेल, बेलापूर, ऐरोली पट्ट्यातल्या गावांमधून आगरी-कोळी स्त्री-पुरुष हजारोंच्या संख्येने आले. महामार्गावरची वाहतूक वळवावी लागली. दोन आठवडे आधी, १० जूनला, याच लोकांनी मानवी साखळी केली होती. मागणी एकच होती. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याच्या हालचाली थांबवाव्यात आणि इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे. नावाने कुणाच्या घरात पैसा येणार नव्हता, कुणाची जमीन परत मिळणार नव्हती. तरी सर्वपक्षीय कृती समितीत झाडून सगळ्या पक्षांची माणसे एका मांडवात बसली. वर्षभरात सरकारला माघार घ्यावी लागली. जून २०२२ च्या अखेरीस, सरकार जायच्या आदल्या क्षणाला, उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने दि.बां.च्या नावाला मान्यता दिली. पुढच्या सरकारनेही तोच निर्णय पुन्हा घेतला आणि विधिमंडळात ठराव झाला.

एकाच शहरात एकीकडे लिफ्टने खाली न उतरणारी माणसे आणि दुसरीकडे साथीच्या काळात पावसापाण्याची पर्वा न करता रस्त्यावर बसणारी माणसे राहतात. पहिली आळशी आणि दुसरी जागरूक, असे ठरवून मोकळे होता येते, पण त्याने काही कळत नाही.

अमेरिकेतल्या मॅन्सर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये या कोड्यावर बोट ठेवले होते. सगळ्यांच्या फायद्याची गोष्ट असेल तर सगळे मिळून ती करतील, हे गृहीतकच चुकीचे आहे, असे त्याचे म्हणणे. मोर्चा दुसऱ्यांनी काढला तरी पाणी माझ्या नळालाही येणारच. मग उन्हात मी कशाला जाऊ? गट जितका मोठा तितका हा हिशेब पक्का. म्हणून ज्या संघटना टिकतात त्यांच्याकडे सभासदालाच मिळेल असे काहीतरी असते, किंवा बाहेर राहण्याची सोयच नसते, किंवा गट इतका लहान असतो की कोण आले नाही ते लगेच दिसते. ओल्सन तुर्भ्याला कधी आला असण्याची शक्यता नाही. आला असता तर त्याला पुस्तकाचा एक अख्खा अध्याय कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात मिळाला असता.

अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या गोदी-बंदर भागातल्या हमालांना एकत्र आणले, त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. या कायद्याचे खरे शहाणपण त्याच्या रचनेत आहे. कामगाराची नोंदणी माथाडी मंडळात, मालकाचीही तिथेच. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळ ती कामगाराला देणार. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार त्यातूनच. टोळीत नाव असेल तर काम, आणि मुकादमाच्या हजेरीत नसेल तर पाठीवर कितीही पोती उचललीत तरी कागदावर तुम्ही नाही. फुकटात फायदा घेणाऱ्याला फटच ठेवलेली नाही. बाजार वाशी-तुर्भ्याला हलले तसे माथाडीही आले, घणसोली-कोपरखैरण्यात त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. युनियनच्या मेळाव्याला तिथून निघणारी गर्दी वर्गजाणिवेने भारलेली असते असे मानायला हरकत नाही. पण घर, पगार आणि फंड एकाच ठिकाणाहून येतो हेही त्या गर्दीला ठाऊक असते. यात हलके मानण्यासारखे काही नाही. उलट असे काही नसेल तर कष्टकऱ्याने कामाचा दिवस बुडवून सभेला का यावे, याचे उत्तर नेत्यांनी द्यायला हवे.

याच माथाडींनी नवी मुंबईच्या मतदानाचे आणखी एक गुपित उघड्यावर आणले. खरे तर ते आणले शरद पवारांनी. मार्च २०१४ मध्ये माथाडींच्या मेळाव्यात ते म्हणाले की साताऱ्याचे मतदान १७ एप्रिलला आहे आणि इकडचे २४ ला. तिकडे घड्याळावर शिक्का मारा आणि पुन्हा इकडे येऊनही मारा, फक्त शाई पुसायला विसरू नका. सभेत हशा पिकला, बाहेर गदारोळ झाला. आपण गमतीत बोललो, असा खुलासा पवारांनी केला आणि निवडणूक आयोगाने नाराजी नोंदवून विषय मिटवला. पण समोरच्या लोकांना विनोद समजावून सांगावा लागला नाही, कारण प्रत्येकाची दोन घरे होती. पाटण, जावळी, कराडकडच्या गावांतून आलेल्या माणसाचे मतदार यादीतले नाव अनेकदा गावीच असते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की उमेदवार मुंबईकरांना न्यायला गाड्या पाठवतात. तिथे पाच-पंचवीस मतांनी सरपंच ठरतो, भावकी मोजून बसलेली असते, आणि न आलेल्याचे नाव पुढच्या जत्रेपर्यंत निघते. हा माणूस नवी मुंबईच्या आकडेवारीत उदासीन दिसतो. गावच्या आकडेवारीत त्याच्याइतका उत्साही मतदार दुसरा नाही.

आगरी-कोळ्यांची गोष्ट याहून जुनी आहे. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा. अलिबागजवळच्या चरीचा संप १९३३ पासून सहा वर्षे चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. जमिनी पडीक ठेवून उपाशी राहिलेल्या कुळांच्या आठवणी रायगडातल्या घरांत अजून आहेत. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा संघटनेचा हा अनुभव पाठीशी होता. जासईचे दि. बा. पाटील पनवेलमधून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, शेतकरी कामगार पक्षाचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत, हे धोरण त्या रक्तातून आले. सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापून प्रत्यक्ष हातात पावणेनऊच टक्के पडतात, ही तक्रार प्रत्येक गावात आजही ऐकू येते. पण पुढे विमानतळाच्या दहा गावांना साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज मिळाले ते या तक्रारीच्या आणि त्या पाच हुतात्म्यांच्या जोरावर. एकदा एकत्र येऊन काही मिळाले की पुन्हा एकत्र येणे सोपे जाते, आणि सिडको समोर आहे तोवर कारणेही संपत नाहीत. भूखंडाची पात्रता, गावठाण विस्तार, गरजेपोटी बांधलेली घरे यांपैकी काहीतरी प्रत्येक घरात प्रलंबित असतेच.

या समाजाच्या एकीचे कौतुक करताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. नामकरणाच्या समितीत जे एकत्र होते ते मतदानाच्या दिवशी चार वेगवेगळ्या बूथवर बसतात. दि.बां.च्या नावावर एकमत असलेल्या गावांत साडेबाराच्या भूखंडाचा व्यवहार कोणत्या बिल्डरशी करायचा यावर भाऊ भावाशी बोलत नाही. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले तेव्हाही नावावर केंद्राची मोहोर उमटलेली नव्हती. हितसंबंधांचा गट म्हणून संघटित असणे आणि राजकीय ताकद म्हणून एकत्र राहणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर सिडकोने आणि पक्षांनी नेमके ओळखलेले आहे.

आता उरला तो तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा नवी मुंबईकर, सेक्टरमधल्या सोसायटीतला. लोकशाहीशी त्याची गाठ वर्षातून एकदा, ३० सप्टेंबरच्या आत, सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पडते. नोटीस फलकावर लागते आणि तिच्या तळाशी एक वाक्य ठरलेले असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. गंमत म्हणजे कोरम काही भयंकर नसतो, वीस सभासद आले तरी पुरतात. तरी सगळे त्या अर्ध्या तासाचा हिशेब करूनच येतात. साडेदहाच्या सभेला सेक्रेटरी आणि खजिनदार साडेदहाला, बाकीचे अकराला. प्लास्टिकच्या खुर्च्या मागून भरत येतात. मागच्या सभेचे इतिवृत्त कुणी ऐकत नाही, ताळेबंद एका मिनिटात मंजूर होतो. पार्किंगचा विषय निघाला की मात्र दीड तास जातो. नव्या कमिटीसाठी नावे मागितली की खोलीत शांतता पसरते, कारण जबाबदारी अंगावर घ्यायची आणि वर जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाचे ऐकून घ्यायचे. मग निवृत्त झालेले कुणीतरी काका पुन्हा तयार होतात. अनेक ठिकाणी पंधरा-पंधरा वर्षे तेच.

हाच सभासद पुनर्विकासाच्या सभेला कोरमच्या वेळेआधी येतो. वाशीतल्या सेक्टर ९-१० मधल्या सिडकोच्या जेएन-१, जेएन-२ इमारतींचे स्लॅब पडायला लागून कैक वर्षे झाली. तिथे चटई क्षेत्र निर्देशांक, कॉर्पस, मासिक भाडे हे शब्द शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर सभा ऐकतो. खारघरमध्येही तेच झाले. ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महापालिका स्थापन झाली आणि २०२१ मध्ये तिने मालमत्ता कराची बिले पाठवली ती थेट स्थापनेपासूनच्या थकबाकीसह. त्या काळात सेवा सिडको देत होती आणि सेवाशुल्कही तिलाच दिले होते, मग हा दुहेरी कर कशासाठी, या प्रश्नावर शेकडो सोसायट्या एका सुरात बोलू लागल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शेजाऱ्याशी लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे संबंध नसलेली माणसे याचिकेच्या वर्गणीसाठी दारोदार फिरली. खाडीच्या अलीकडच्या नवी मुंबईत असे काही घडले नाही, कारण तिथे महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण आहे, पाणी येते, आणि मालमत्ता कर वर्षानुवर्षे वाढवलेला नाही. नाराजी नसलेल्या घरात राजकारण शिरत नाही. करवाढ न करण्याचे राजकारण गणेश नाईकांनी इतकी वर्षे जपले त्यात हा साधा व्यवहार आहे.

पण समाधान हे एकच कारण नव्हे. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांचे तक्रार आणि निघून जाणे या दोन वाटांवरचे पुस्तक १९७० चे, म्हणजे सिडकोच्या वयाचे. नायजेरियातली रेल्वे सुधारत का नाही, तर ओरडा करू शकणारे व्यापारी ट्रककडे वळले म्हणून, असे त्यांनी दाखवले. सोसायटीतला माणूस शहर न सोडताच शहरातून बाहेर पडलेला असतो. मुले खासगी शाळेत, दवाखाना खासगी, राखण खासगी, बाग आणि व्यायामशाळा कुंपणाच्या आत. बसऐवजी ॲपवरची टॅक्सी. नगरसेवकाने काय केले वा नाही केले याचा त्याच्या दिवसावर परिणाम होतो तो फार तर कुंपणाबाहेरच्या खड्ड्यापुरता. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु शहर ज्यांनी आखले त्यांनी त्याच्या हातात ठरवण्यासारखे तरी काय ठेवले? भूखंड सिडकोचे, कारखाने एमआयडीसीचे, स्थानकांचा वाद सिडको आणि रेल्वेत, महामार्ग राज्याचा, खाडीकिनारा वनविभागाच्या कांदळवन कक्षाचा. जमिनीचा मालक निवडून येत नाही आणि निवडून येणाऱ्याकडे जमीन नाही. मतदाराने हे केव्हाच ओळखले आहे.

मोजक्या चिकट माणसांचा गट काय करू शकतो याचे उत्तर पाम बीच मार्गालगतच्या पाणथळीत आहे. सीवूड्सच्या एनआरआय संकुलामागची जागा गोल्फ कोर्स आणि घरांसाठी मोकळी करण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये रद्द ठरवला, तो काही रहिवाशांनी वर्षानुवर्षे कागद गोळा करून लढल्यामुळे. डीपीएस तलावात पाणी येण्याचे मार्ग बुजले, २०२४ च्या उन्हाळ्यात रोहित पक्षी मेले, तेव्हाही नॅटकनेक्ट फाउंडेशनसारख्या संस्थांनी ईमेल, पत्रे आणि मानवी साखळ्यांचा धडाका लावला. अकरा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ही माणसे एका सभागृहात मावतील. रोहित पाहायला येऊन फोटो काढणारे त्यांच्या शेकडो पट. ओल्सनच्या हिशेबाने असेच व्हायला हवे होते.

आणि ज्यांचा गटच होत नाही ते? तुर्भे नाक्यावर सकाळी उभा राहणारा बिगारी रोज नव्या ठेकेदाराकडे जातो. घरकाम करणारी बाई एका टॉवरमध्ये पाच दारे करते, पण तिच्या पाच मालकिणी पाच मजल्यांवर असतात आणि तिच्यासारख्या बायकांशी तिची भेट गेटवरच्या नोंदवहीपाशी होते तेवढीच. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. पण माथाडी कायद्यात मालकाला मंडळात पैसे भरणे भाग पडते, तशी सक्ती इथे नाही, म्हणून नोंदणीचा कागद घेऊन तिला विशेष काही हाती लागत नाही. सरकारने माथाड्यांसाठी १९६९ मध्ये जी अक्कल वापरली ती घरकाम करणाऱ्यांच्या वाट्याला आली नाही. यात दोष त्या बाईच्या राजकीय जाणिवेचा नक्कीच नाही.

मे २०२० मध्ये नवी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि करोना, ओबीसी आरक्षण, प्रभागरचना अशा एकामागून एक कारणांनी साडेपाच वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हाती राहिले. नगरसेवक हवेत म्हणून सामान्य नवी मुंबईकरांचा मोठा मोर्चा निघाल्याचे आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दटावले तेव्हा कुठे १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. तेही चार सदस्यांच्या पॅनेलने, १११ जागांसाठी २८ प्रभाग. २०१५ पर्यंत एका प्रभागाचा एक नगरसेवक होता, गटार तुंबले तर फोन कुणाला करायचा हे ठाऊक होते. आता चौघे आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्या तिघांचे नाव सांगू शकतो. पक्षांना हे सोयीचे. मतदाराला मात्र आपण कुणाला निवडले आणि कुणाला जाब विचारायचा हेच धूसर होऊन बसते. सहभाग वाढावा असे खरोखर वाटणाऱ्या सरकारने ही रचना केली असती का, हा प्रश्न विचारायला हवा.

राज्याच्या महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. शेजारशेजारच्या काही मतदान केंद्रांचे एक क्षेत्र, त्यातले सगळे मतदार सभासद, अध्यक्षस्थानी नगरसेवक. ग्रामसभेसारखीच कल्पना, शहरासाठी. कागदावर ती सतरा वर्षांची होत आली, प्रत्यक्षात बहुतेक नवी मुंबईकरांनी तिचे नावही ऐकलेले नाही. खरे तर तिच्यासाठी नवे काहीच उभारावे लागत नाही. मतदानासाठी ज्या क्लबहाउसमध्ये यंत्रे मांडली, त्याच जागी वर्षातून दोनदा नगरसेवकाला, विभाग अधिकाऱ्याला आणि सिडकोच्या एका अभियंत्याला बसवता येईल. त्या सभेला परिसराच्या खर्चातला ठरावीक वाटा ठरवण्याचा अधिकार दिला, आणि शेजारच्या झोपडपट्टीतल्या व गावठाणातल्या मतदारांनाही त्याच खुर्च्यांवर बसवले, तर पार्किंगवर दीड तास भांडणारी माणसे पदपथावर आणि पावसाळी नाल्यावरही तेवढाच वेळ भांडतील. नव्या सभागृहातले १११ जण हा ठराव पहिल्या वर्षातच करू शकतात. विरोध होईल तो बहुधा त्यांच्यातूनच, कारण क्षेत्रसभेत चौघांना एकाच वेळी, एकाच मंचावर, सगळ्यांसमोर बसावे लागेल.